वळण्याआधी उलट बाजू

नाना गेल्याचं केतकीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी दोंडाईच्यात जिनिंगच्या आवारात कापसाची गाडी खाली करून घेत होतो. "बाबा, सर गेले," एवढंच ती म्हणाली. मित्र माझा, शाळेपासूनचा, आणि बातमी माझ्या मुलीला आधी कळली. पण त्याचं मला नवल वाटलं नाही. धुळ्याच्या धावपट्टीवर नानाने शिकवलेली पोरं आता कुठे कुठे विमानं उडवतात आणि एकमेकांना धरून आहेत. झोपेतच हृदय थांबलं म्हणे... आजारपण नाही, दवाखाना नाही. "आलो", "निघालो", "वळतो", असं जन्मभर जगाला कळवत राहिलेला माणूस स्वतः जाताना काही न सांगता गेला. खरं सांगायचं तर मला आधी त्याचा रागच आला. रडू नंतर आलं.

नाना आधी जळगावात आणि मग धुळ्याला विमान चालवायला शिकवायचा. दोन-चार माणसांची लहान विमानं. आकाश एवढं मोठं, त्यात धडकायला होतं काय, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, आकाश मोठं आहे, पण धावपट्टी एकच, आणि उतरायचं सगळ्यांना तिथेच. त्यातून धुळ्याला विमानतळाच्या मनोऱ्यात बसून वाट दाखवणारा कुणी नाही. वैमानिकांनीच एकमेकांना रेडिओवर सांगायचं, मी इथे आहे, आता असा वळतो. समोरच्याचा रेडिओ बंद असला किंवा भलतीकडे लागलेला असला, की उरतात ते आपले डोळे. सोनगीरचा किल्ला तर त्याच्या डोळ्यात सलायचा. लांबून ओळखू येतो म्हणून नवशिके सगळे त्याच्यावर येऊन "किल्ल्यावर आहे" असं कळवत, आणि खूण सोपी म्हणून गर्दीही नेमकी तिथेच. तो पोरांना किल्ला लांबून, एका बाजूला ठेवून जायला लावायचा.

हे सगळं तो विमानात ठेवता तर ठीक होतं. पण माझ्या गाडीतही तो शेजारी बसला की तेच. वळायचं उजवीकडे, तर आधी डावीकडे बघायला लावायचा. जिकडे वळायचं तिकडे माणूस बघतोच, ते शिकवावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं. स्वतः बघून "डावीकडे मोकळं" असं मोठ्याने म्हणायचा आणि मी तसंच म्हणेपर्यंत बडबड थांबवायचा नाही. मी कधी म्हटलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस मी, माझ्याच गाडीत परीक्षा कसली द्यायची?

केतकी त्याच्याकडे शिकायला लागली तेव्हा मला वाटलं, घरचाच माणूस आहे, चिंता नाही. तिच्याबरोबरची पोरं एकेक करून एकटी उडाली. केतकी उतरायची सगळ्यांपेक्षा सुरेख, पण नाना तिला एकटीला सोडेना. ती घरी येऊन जेवायची नाही, पुस्तकं कोपऱ्यात फेकायची, आणि एके दिवशी म्हणाली की हे सगळं सोडून देते. मी तडक धुळे गाठलं.

"तिले बठ्ठं येस," नाना शांतपणे म्हणाला, "फक्त मान वळत नई."

"मंग मानना डॉक्टर आनू का?"

"आन. पन तवलोंग मी सोडाव नई."

बाकी सगळं येतं, पण मुलीचं लक्ष काटे दाखवणाऱ्या तबकड्यांवर खिळलेलं असतं, बाहेर नसतं, अशी त्याची तक्रार. त्यावर उपाय म्हणून तो आपला चौकडीचा रुमाल त्या तबकड्यांवर टाकायचा आणि तिला नुसत्या काचेतून बघत विमान फिरवायला लावायचा. मला ते पोरीला मुद्दाम अडवणं वाटलं. मी तसं त्याला तोंडावर सांगितलं आणि आमचं बोलणं बंद झालं. दिवाळीला फराळाचा डबाही गेला नाही.

शेवटी त्याने तिला सोडलं, त्या सकाळी मी धावपट्टीच्या कडेला होतो. त्याच्याशी न बोलता, त्याच्याच शेजारी उभा. तिने एक फेरी मारली. उतरण्यासाठीचं शेवटचं वळण डावीकडे घ्यायचं होतं, आणि नानाच्या हातातल्या रेडिओतून तिचा आवाज आला, "उजवीकडे विमान आहे. काचेत हलत नाही. मी वळत नाही, वर जाते." नाना उन्हावर हात धरून शोधत होता, त्याला काही दिसलं नव्हतं. मलाही नाही. मग सोनगीरकडून एक परगावचं विमान चकार शब्द न बोलता सरळ धावपट्टीवर येताना दिसलं. ती ठरल्याप्रमाणे वळली असती तर बरोबर त्याच्या पुढ्यात. ती चढली, उजवीकडे वळून त्याच्या मागून निघाली आणि सावकाश फिरून परत आली. नाना तिथेच मातीत बसला.

"दिखनं तिले," तो म्हणाला. "माना आधी दिखनं!"

त्याच्याआधी तिला कसं दिसलं, ते मग मला मातीत काडीने रेघा ओढून समजावलं. "जो काचवर सरकस, तो आपले सोडी जास. जो एकच जागे बसेल शे, तोच आपलाकडे ई ऱ्हायना." म्हणजे काचेत जागचा न हलणाराच आपल्यावर येत असतो. आणि गंमत अशी की डोळा हलणाऱ्या वस्तूकडेच जातो, न हलणारा ठिपका त्याला दिसतच नाही. तो शोधावा लागतो. मला त्यातलं त्या वेळी किती कळलं कोण जाणे. मी त्याचा हात धरून बसलो होतो.

त्याचं उत्तरकार्य आमच्या गावी, दोंडाईच्यालाच झालं. निघताना वहिनींनी तो रुमाल धुऊन, घडी करून केतकीच्या हातात दिला. तिला धुळ्याला पोचवायला निघालो, गाडी ती चालवत होती. सोनगीरच्या फाट्यावर तिने गाडी थांबवली. उजवीकडे वळायचं होतं, फोनवरचा नकाशाही तेच सांगत होता. तिने मांडीवरचा रुमाल उचलला आणि त्या फोनवर टाकला. नुसती थांबून राहिली... मी डावीकडे बघितलं. रस्ता मोकळाच होता. चल म्हणणार, तोच काचेच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका दिसला. तो सरकत नव्हता.

"थांब," मी म्हणालो.

उलट्या बाजूने आलेली मोटरसायकल, मागे चाऱ्याचा भारा, आमच्या नाकासमोरून गेली. चालवणाऱ्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. केतकी अजून थांबलेलीच होती. मी पुन्हा एकदा नीट बघितलं आणि मोठ्याने म्हणालो, "डावीकडे मोकळं."