टोपली कुठली ते सांगायचं राहिलं

माझ्या लाडक्या पिल्लांनो,

गेल्या शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीनं तोंड पाडून सांगितलं, "आजी, वी आर टेरिबल." शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये निवड झाली म्हणून मागच्या महिन्यात नाचत होती, आणि आता पहिल्या सगळ्या मॅच हरल्यावर तिला टीम सोडायची आहे. थोरला शेजारी बसून मान डोलावत होता, म्हणजे त्यालाही तसंच वाटतं. तेव्हा मी ठरवलं की इथल्या कॉलेजच्या टीमची हकिकत तुम्हाला आत्ताच लिहून पाठवायची. सहा महिन्यांनी लिहून उपयोग नाही. तोवर धाकटीनं बूट कुणाला तरी देऊन टाकलेले असतील. तुमची आई वाचून दाखवेल. मधेच ती हसायला थांबली तर तिला म्हणा, आधी वाच, मग हस.

तुमचे आजोबा इथे अल ऐनमध्ये एका खाजगी कॉलेजात अजून गणित शिकवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल टीम आहे. गेल्या वर्षी जुन्या चांगल्या खेळाडू सगळ्या एकदम पदवी घेऊन गेल्या आणि नवी टीम निघाली अगदी कोवळी. बहुतेक मुली पहिल्या वर्षाच्या. एक जॉर्डनची उंच मुलगी होती, तिला स्वतःच्या हातांची लांबी अजून कळलेली नव्हती. आणि चेंडू पुढे घेऊन जायचं काम आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे. बुटकी, चपळ, आणि माझ्या फ्रिजमध्ये काय आहे ते माझ्यापेक्षा जास्त माहीत असलेली.

ही मंडळी वसईची, ख्रिश्चन. तिचे वडील हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहेत. ती त्यांना डॅडी म्हणते, म्हणून आख्खी बिल्डिंग त्यांना डॅडी म्हणते. डॅडींना लेकीनं फार्मसी नीट पूर्ण करायला हवी होती आणि रोजची ती प्रॅक्टिस त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. सीझन सुरू झाला तेव्हाच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "नाताळापर्यंत एक तरी मॅच जिंकून दाखवा. नाही जिंकलात तर बूट कपाटात. खलास."

नोव्हेंबर संपला, पण विजय काही नाही.

आमचा प्रेक्षकवर्ग म्हणजे आम्ही चौघं. आजोबा, मी, हाताची घडी घालून दोन खुर्च्या सोडून बसणारे डॅडी, आणि टीमच्या बसचा ड्रायव्हर. हा गडी वेंगुर्ल्याकडचा, बायकापोरं गावाला. मुलींना मॅचला आणायचं आणि परत न्यायचं ही त्याची ड्यूटी, पण मधल्या वेळात बसमध्ये झोपायचं सोडून तो आमच्या शेजारी येऊन ओरडायचा. गावाकडे कबड्डी खेळलेला होता, आणि जगातले सगळे खेळ कबड्डीच आहेत असं त्याचं मत होतं.

मॅच हरली, ड्रायव्हर मुलींना पोचवून आला, की रस्त्याच्या कडेला चहाच्या दुकानासमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, पोऱ्या कागदी कपांत करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा आणून द्यायचा, आणि मग बॉनेटभोवती वाद.

"पोटेन्शियल आहे," आजोबा म्हणायचे. "ग्राफ बघा. हरण्यातला फरक कमी होतोय."

"काका, गिराफ खेळणा नाय. मांडीत दम होयो, दम!" ड्रायव्हर स्वतःच्या मांडीवर थाप मारायचा. "ती जॉर्डनची पोरगी बघा. येवडी उंच, पण चेंडू येता तेवा डोळे मिटता. आमच्या गावात तशी असती तर तिका माडार चढवली असती."

"त्या मुलींना शिस्त नाही," मी म्हणायचे. "कोण कुठे उभं राहायचं हे आधी ठरवायला नको?"

"आंटी, ते कोच ठरवतो," डॅडी म्हणायचे.

"मग तो लेखी देत नसेल."

तुमची आजी पूर्वी शारजात हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीत करारपत्रं तयार करायची, हे इथे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

एके दिवशी ड्रायव्हरनं ठरवलं की आता गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही खरं नाही. तुम्हाला गाऱ्हाणं माहीत नसेल. कोकणात कुठल्याही कामाआधी चारजण जमतात, एकजण देवाला मोठ्यानं सगळं सांगून मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. जो तिथे उभा असेल त्यानं म्हणायचंच. नारळही लागतो. तो त्यानं आणला होता. मी स्पष्ट सांगितलं की पार्किंगमध्ये नारळ फुटणार नाही, तो माझ्या ओट्यावर फुटेल आणि त्याची सोलकढी होईल. देवाला चालत असेल तर बघा. ड्रायव्हर थोडा विचार करून म्हणाला, "चालात."

मग जिमखान्याबाहेर, बसच्या आडोशाला, मॅचच्या आधी आम्ही उभे राहिलो. डॅडी लांब गाडीपाशी फोन बघत होते.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आजोबा आणि मी.

"ह्या आमच्या पोरी अजून ल्हान असत. तेंका काय समाजणा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या हातात बळ दी, आणि आज चेंडू टोपलेत पडांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कॉलेजचा सिक्युरिटी गार्ड आला. पेशावरचा, भला माणूस. "क्या हो रहा है?"

आजोबा म्हणाले, "कुछ नहीं भाई. आपका इन्शाल्ला एक शब्द में हो जाता है, हमारा थोड़ा लंबा है." तो मान हलवत निघून गेला, पण जाता जाता तोही "इन्शाल्ला" म्हणाला. म्हणजे आमच्या बाजूनं एक जास्तीचं.

पहिला अर्धा भाग मुली खरंच बऱ्या खेळल्या. मध्यंतरानंतर टीम बाजू बदलतात. बाजू बदलल्या, शिट्टी झाली, आणि आमच्या बुटकीनं समोरच्या मुलीच्या हातून चेंडू असा सफाईनं काढून घेतला की आम्ही उभेच राहिलो. समोर कोणी नव्हतं. ती धावली. तिच्या मागे तिच्याच टीमच्या मुली किंचाळत धावल्या. ती उडाली आणि चेंडू जाळीतून अलगद खाली आला. सीझनमधली सगळ्यात देखणी बास्केट. ड्रायव्हरनं शिट्टी मारली, आजोबांनी टाळ्या वाजवल्या, मी रुमाल हलवला.

मग माझ्या लक्षात आलं की समोरची टीमही टाळ्या वाजवते आहे.

बाजू बदलल्याचं ती विसरली होती. चेंडू तिनं आमच्याच टोपलीत टाकला होता. गणिताच्या प्राध्यापकांनाही ते कळलं नव्हतं. फक्त डॅडींना कळलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

त्या दिवशी चहा गार झाला तरी वाद संपेना. मुलगी लहान आहे, कोचनं सांगायला हवं होतं, दमली होती, दिवे फार आहेत. सगळं झाल्यावर मी म्हटलं, "चूक तिची नाही. चूक गाऱ्हाण्याची आहे."

"गाऱ्हाण्याची?" ड्रायव्हरचा कप हातातच राहिला.

"'चेंडू टोपलेत पडांदे' म्हणालास. कुठल्या टोपलीत, ते सांगितलंस? मैदानात दोन आहेत. तू मागितलंस, त्यानं दिलं. असा करार मी सही न करता परत पाठवला असता."

आजोबा हसून हसून बॉनेटवर वाकले. ड्रायव्हर मात्र हसला नाही. गंभीर होऊन म्हणाला, "मावशे, खरा हा तुझा. गावचो देव आसतो तर समाजलो आसतो. हयसर सगळा फोड करून सांगूक होया."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या स्वयंपाकघरात आली. नेहमीसारखी ओट्यावर चढून बसली. बेसनाचा लाडू दिला. एक खाल्ला, दुसरा घेतला नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण साधं नाही.

"आंटी, वन गेम लेफ्ट बिफोर ख्रिसमस," ती म्हणाली. "अँड वी वोन्ट विन. दे आर द बेस्ट टीम."

"तुला खेळायचंय का?"

"मोअर दॅन एनिथिंग."

"अभ्यास?"

"आय ॲम पासिंग एव्हरीथिंग! ही डझन्ट इव्हन आस्क."

ते खरं होतं. मी आजोबांकरवी चौकशी केली होती. मग मी तिला दुसरा लाडू जबरदस्तीनं दिला, आणि ती गेल्यावर ड्रायव्हरला फोन केला. म्हटलं, नवीन गाऱ्हाणं मी सांगते, तू पाठ कर. कलमं मी इंग्रजीत ठरवली, सांगितली मराठीत, त्यानं ती मालवणीत घातली. मधे मधे कुरकुर करत होता. "मावशे, देवाक येवडा बारीक आयकाक येळ नसता." पण शेवटचं कलम ऐकल्यावर तो इतका हसला की फोन पडल्याचा आवाज आला.

नाताळाआधीची ती शेवटची मॅच. मी डॅडींना म्हटलं, "आज तुम्हीपण उभे राहा. चार माणसं लागतात. आम्ही तिघंच आहोत."

"आंटी, मी कॅथलिक आहे."

"म्हणून तर. तुमच्या चर्चमध्ये फादर बोलतात आणि तुम्ही सगळे मागून म्हणता ना? तुम्हाला सराव आहे. इथे फक्त दोन शब्द."

ते आले, खिशात हात घालून उभे राहिले. पहिल्या दोन वाक्यांना फक्त ओठ हलले. पण गाऱ्हाण्याला एक लय असते, पोरांनो. तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज आला. हॉटेलच्या रिसेप्शनवर कमावलेला आवाज तो, लॉबीच्या पलीकडे पोचणारा.

"काका-मावशी बसतत थयसून बघल्यार, पयल्या डावात डाव्या हाताच्या टोपलेत चेंडू पडांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि बाजू बदलल्यार उजव्या हाताच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जॉर्डनच्या चेडवाचे डोळे उघडे रवांदेत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" डॅडी आता सगळ्यांत पुढे होते.

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं वेग वाढवला.

"आणि आज जितांदेत नायतर हरांदेत, ह्या पोरगेचो खेळ तिचा कॉलेज संपासर चालू रवांदे, तिच्या बापाशीन तेका आडकाठी करूची नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" डॅडी गरजले.

लांब उभा असलेला गार्डसुद्धा बघायला लागला. डॅडींनी माझ्याकडे वळून बघितलं.

"आंटी. हे काय होतं?"

"शेवटचं कलम," मी म्हटलं. "चला, मॅच सुरू होईल. यल्ला."

मॅच मुली हरल्या. हो, हरल्या. मी खोटं लिहिणार नाही. पण शेवटच्या क्षणापर्यंत कोणालाही बसता आलं नाही. जॉर्डनच्या मुलीनं डोळे उघडे ठेवून दोनदा चेंडू अडवला. आमच्या बुटकीनं मध्यंतरानंतर पहिल्यांदा चेंडू हातात आला तेव्हा क्षणभर थांबून आमच्याकडे बघितलं. आम्ही चौघांनी एकदम उजवा हात लांब केला, आणि ती त्या दिशेला धावली. एका बास्केटनं हरल्या. पंचांवर सगळ्यात जास्त कोण ओरडलं असेल ते ओळखा. त्यांच्या हाताची घडी त्या दिवशी एकदाही झाली नाही.

चहाच्या दुकानासमोर डॅडी कप घेऊन बॉनेटपाशी आले. मुलगी गाडीत मागच्या सीटवर बसली होती, बूट मांडीवर घेऊन. बाहेर यायला तयार नव्हती.

"सर," डॅडी आजोबांना म्हणाले, "त्या उंच मुलीला कुणी नीट शिकवलं तर पुढच्या सीझनला ही टीम वाईट नाही."

"ग्राफ तेच सांगतो," आजोबा म्हणाले.

"बचाव कच्चा आहे. पण वय काय आहे त्यांचं? आत्ता तर सुरुवात आहे."

ड्रायव्हरनं मला कोपर मारलं. मी चहा प्यायले.

डॅडी गाडीपाशी गेले, मागची काच खाली करायला लावली. "बूट मांडीवर कशाला? घाण होते सीट. पायात घाल."

"बट डॅडी, यू सेड ख्रिसमस."

"सेड. पण नंतर देवासमोर दुसरं बोललो. चार माणसांत बोललेला शब्द आमच्यात फिरवत नाहीत." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या आंटीपासून सांभाळून राहा. आणि मार्क कमी आले तर तिचं कलम मी बघून घेईन."

ती गाडीतून उतरली ती थेट माझ्या गळ्यात. चहा सांडला, तो आजोबांच्या पांढऱ्या शर्टावर. डाग अजून आहे.

नारळ त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर फुटला. सोलकढी डॅडींनी दोनदा घेतली.

आता दुसरा सीझन चालू आहे. टीम अजून जिंकते कमी आणि हरते जास्त. डॅडी आमच्या शेजारच्याच खुर्चीवर बसतात. फार्मसी व्यवस्थित चालली आहे. आणि मैदानात उतरण्याआधी सगळ्या मुली, जॉर्डनची, केरळची, फिलिपिन्सची, गोल करून उभ्या राहतात, आमची बुटकी हळूच काहीतरी म्हणते, आणि बाकीच्या सगळ्या एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते अजून चालू आहे.