काचपट्टीचं शेपूट

आमच्या रक्ततपासणीच्या खोलीत त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. यंत्राने कितीही छातीठोक आकडा दिला तरी रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी भिंगाखाली धरल्याशिवाय काका सही करत नसत. प्लेटलेट्स कमी दिसल्या की आधी पट्टीचं शेपूट, म्हणजे पसरलेल्या रक्ताचं निमुळतं टोक बघायचं, हा त्यांचा घोषा. ही जातच चिकट, म्हणायचे. जखम झाली की तिथे जाऊन चिकटतात म्हणून माणूस वाचतो. पण कधीकधी रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या औषधाने त्या एकमेकींनाच चिकटतात, पुंजके पट्टीच्या शेपटाकडे जातात आणि यंत्र मोजायला चुकतं. यावरून मी त्यांची इतकी बोलणी खाल्लीत की कान किटले.

मग काकांच्या बायकोला, काकूंना, स्तनाचा कर्करोग झाला. केमोचा पहिला डोस झाला. दुसऱ्याआधी तपासलं तर दीड लाखाच्या वर हव्यात तिथे प्लेटलेट्स अठरा हजार. इतक्या कमी असताना डोस देत नाहीत, म्हणून तो पुढे ढकलला. पुढचे दोन आठवडे तेच. तिन्ही कागदांवर काकांची सही. प्लेटलेट्स खरंच इतक्या उतरल्या की अंगावर काळेनिळे डाग उठतात; काकूंच्या अंगावर एकही नव्हता, हे मलाही दिसत होतं. मी गप्प बसले, त्याची लाज अजून वाटते.

चौथ्या आठवड्यात काका रजेवर होते, पट्टी माझ्याकडे आली. शेपटाकडे पुंजकेच पुंजके. दुसऱ्या औषधाच्या नळीत रक्त घेतलं, तर प्लेटलेट्स दोन लाख. जुन्या तिन्ही पट्ट्या काढून पाहिल्या. तिथेही पुंजके.

मी काकांना विचारलं, रागानेच.

"तिचं रक्त भिंगाखाली धरायला मन धजेना गं," ते म्हणाले. "यंत्रावर भरवसा टाकला."

महिन्याने काकूंच्या फुफ्फुसात गाठी दिसल्या. कर्करोगाची पेशी रक्तात सुटली की प्लेटलेट्स तिलाही चिकटतात, तिचं पांघरूण होतात, आणि त्या आडोशाने ती फुफ्फुसातल्या रक्तवाहिनीला चिकटून घर करते, हे मला काकांनीच शिकवलं होतं. हे त्या तीन आठवड्यांमुळेच झालं असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकांना ते पटलं नाही.

त्यांनी काकूंना सगळं सांगितलं, माझ्यासमोरच. काकूंनी चादरीची घडी घातली.

"डोस थांबला त्या दिवसांत तोंडाला चव आली होती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी बरी होतेय."