हरवलेली हातबत्ती

झेंडूची फुलं दिसली की ती घटना आजही आठवते. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीजवळच्या एका गावात मी पोलीस होतो. अख्ख्या ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच.

गावच्या जुन्या स्टेशनात छोटं रेल्वे संग्रहालय होतं, दोन महायुद्धांमधल्या काळातल्या वस्तूंचं. एका दुपारी तिथल्या बाईंचा फोन आला. गार्डची हातबत्ती गायब आणि इंजिनाच्या चाकावर लाल डाग! माझा जोडीदार रक्त समजून गंभीर चेहऱ्याने उभा. मी वाकून पाहिलं. हळदकुंकू होतं, बोटांनी नीट लावलेलं. खाली झेंडूच्या पाकळ्या.

बाईंनी खबर दिली, एक वयस्कर इंडियन गृहस्थ रोज येऊन बाकावर बसतात, कुणाशी बोलत नाहीत. पत्ता काढणं अवघड नव्हतं.

मुलगाच त्यांना ठाण्यात घेऊन आला, चिडलेला. "काय यार बाबा! केस झाली तर तुमचं ग्रीन कार्ड कॅन्सल होईल, कळतंय का?" तो बोलला त्यात तथ्य होतं. बाईंनी लेखी तक्रार दिली असती, तर प्रकरण माझ्या हातात राहिलं नसतं.

चौकशीच्या खोलीत जोडीदाराने इंग्रजीत सगळं विचारून पाहिलं. काका टेबलाकडे बघत राहिले. शेवटी मी म्हणालो, "काका, आज खंडेनवमी. बत्ती पूजेला ठेवलीय ना?"

त्यांनी मान वर केली. "तुम्ही आपले? अहो, माझे वडील त्या बत्तीच्याच काळात आपल्याकडे रेल्वेत गार्ड होते. आई दरवर्षी त्यांची बत्ती पुजायची. इथं ही बिचारी धुळीत पडलेली."

"मग आत्ता परत देऊन टाकू."

"पूजेला मांडलेलं दसऱ्याआधी हलवतात का, साहेब?"

मी कपाळाला हात लावला. हे इंग्रजीत कसं सांगायचं? तरी बाईंना फोन करून एक दिवस मागून घेतला. दसऱ्याला बत्ती परत आली, लख्ख घासलेली. तक्रार झाली नाही.

पण मला आठवतं ते त्या फोननंतरचं. "चौकशी संपली, काका. मुलगा गाडीत थांबलाय."

ते उठले नाहीत. "अजून काही विचारायचं असेल तर विचारा ना."

मी परत खुर्चीत बसलो. "वडील कुठल्या गाडीवर होते?"

चौकशीतून सुटायला धडपडणारे मी शेकडो पाहिले. ती संपू नये म्हणून बसून राहिलेला हा एकच माणूस. एकटेपण ओळखायला मला त्यांनी शिकवलं. आता मीही निवृत्त आहे. मुलगी दूर दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला असते. रविवारी फोनवर विचारते, "ऑल गुड, बाबा?" तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मी होईल तितकं लांबवतो.