मास्तरांच्या धडधडीची परीक्षा

मास्तरांबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. त्यांनी मला गाडी शिकवली, एवढीच आमची ओळख. त्यांचं शिक्षण किती, भावंडं किती, मला ठाऊक नाही. शेजारी बसत ते, पण माझी नजर रस्त्याला चिकटलेली, त्यामुळे त्यांचा चेहरासुद्धा मला एकाच बाजूने आठवतो.

मी निवृत्त झाल्यावर मुलाने गाडी घेऊन दिली. ती दारात उभी राहू लागली तेव्हा बायको म्हणाली, "पुसायला घेतली आहे का?" म्हणून मी शिकवणी लावली.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो. मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर आणि हात मांडीवर. आवाज कधी चढायचा नाही. समोरून ट्रक अंगावर आला तरी, पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं ते म्हणायचे, "काका, हा ट्रक आहे." पायाला मात्र सवय जडली होती. टीव्हीवर कुणी गाडी जोरात हाणली की मास्तर घरी खुर्चीत बसून फरशी दाबायचे.

एके दिवशी त्यांनी मला गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि छातीवर हात ठेवून डोळे मिटले. माझं काही चुकलं असेल असं समजून मी आधीच माफी मागितली. पण ते बरेच दिवस चाललं होतं. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा, मग धडधड सुटायची, मग सगळं शांत. कुणाला सांगू नका म्हणाले. "लोक माझ्या भरवशावर क्लच सोडतात, काका. माझीच छाती उडते म्हटल्यावर कोण बसेल गाडीत?" खरी भीती वेगळी होती. डॉक्टरने ती सीट सोडायला लावली तर? त्यांना दुसरं काम येत नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. पण वेळ विचारायला मी मास्तरांच्या घरी फोन केला तो त्यांच्या बायकोने, वहिनींनी उचलला, आणि "हे बरे आहेत ना?" असं त्यांनी विचारल्यावर मी इतका वेळ गप्प राहिलो की त्यांना सगळं समजलं.

दुसऱ्या दिवशी शिकवणीला गेलो तर वहिनी पर्स घेऊन मागच्या सीटवर बसलेल्या. दवाखान्यात जायचं, काका चालवतील, असं ठरलंही होतं. मास्तर नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "आरशात बघा काका, मागे कोण आहे."

"मागे मी आहे," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासायला दिलं, ईसीजीची पट्टी काढली. टेबलावर आडवं होताच हृदय शहाण्या मुलासारखं वागलं. मग त्यांनी छातीवर चकत्या चिकटवून कमरेला एक डबी बांधली. ती दिवसरात्र ठोके टिपणार होती. रोजची सगळी कामं करा, असं त्यांनी बजावून सांगितलं.

मी शिकवणीला गेलो तर शिकवणी बंद. मास्तर घरात, दाढी केलेले, इस्त्रीच्या शर्टात, पलंगावर ताठ पडलेले. चहा नाही, जिना नाही, मोरीपर्यंतसुद्धा पावलं मोजल्यासारखे जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "काका, परीक्षा आहे. परीक्षेच्या दिवशी सावकाश जावं, नसती करामत करू नये, असं मीच सांगतो ना तुम्हाला?"

मला ते पटलं. मला बहुतेक गोष्टी पटतात.

निकाल उत्तम लागला. मास्तर खूश. पण दवाखान्याच्या फाटकाबाहेर येतो न येतो तोच छातीतली धडधड पुन्हा सुरू झाली, आणि वहिनींनी गाडी परत फिरवायला लावली. डबी बांधली होती त्या दिवशी काय काय केलंत, असं डॉक्टरांनी विचारल्यावर मास्तरांनी अभिमानाने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मास्तर, मला पास होणारं हृदय नको. नापास होतं ते दाखवा."

डबी पुन्हा बांधली गेली. या वेळी दिवसभर शिकवणी, आणि प्रत्येक विद्यार्थ्यानंतर टपरीवरचा कडक चहा, नेहमीप्रमाणे. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आज मेहेरबानी करून सुधारू नका. चुकून बरी चालवली जाईल की काय, अशी मला धास्ती होती. ती फुकट गेली. मंडईच्या चढावर गाडी माझ्या हातून मागे सरकली, आणि मागे दुधाचा टँकर. मास्तरांनी ब्रेक दाबला, छातीवर हात नेला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आली! शाब्बास, काका." त्यांनी माझी केलेली ती एकमेव स्तुती.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघंही डॉक्टरांसमोर बसलो. टेबलाखाली मास्तरांचा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "सीट सोडावी लागेल का?"

डॉक्टरांनी कागद पसरला. चढावर ठोके जलद पडले होते, पण सरळ. टँकर बघून कुणाचेही पडतील तसे. जास्तीचे ठोके संध्याकाळी होते, शेवटच्या चहानंतर, मास्तर खुर्चीत आरामात बसले असताना. बाकी हृदय ठणठणीत होतं. चहा कमी करा, झोप वाढवा, काही दिवस एक गोळी घ्या, एवढंच.

"आणि गाडी?"

"खुशाल शिकवा. तुमचं हृदय तिथेच तर सगळ्यात नीट चालतं."

"चहाचं मी लग्नापासून सांगतेय," वहिनी म्हणाल्या. "माझ्याकडे डबी नव्हती."

टेबलाखालचा मास्तरांचा पाय हळूच वर उचलला गेला.

पुढे मी परीक्षा पास झालो, तीही दुसऱ्या खेपेला. मास्तर बरीच वर्षं शिकवत राहिले. गेल्या वर्षी ते गेले. छातीचं काही नव्हतं, दुसरंच दुखणं निघालं.

त्याच्या थोडे दिवस आधी मी औषधाच्या दुकानासमोर गाडी लावून ब्रेकवर पाय दाबून बसलो होतो. मास्तर शेजारच्या टपरीवर अर्धा कप घेऊन उभे होते. खिडकीपाशी आले, चाकांकडे बघितलं.

"हँडब्रेक ओढलाय ना, काका?"

"ओढलाय."

"मग उतरा की."