रॉजरचा कापलेला प्रवेश

रॉजर गेल्याचं मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. ‘आपल्या मंडळाचे लाडके ज्येष्ठ कलावंत…’ असं अध्यक्षांनी लिहिलं होतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. ऑफिसमधून मेलबर्नच्या टोकाला डँडेनॉन्गला घरी परत येत होते, ट्रेनमध्येच डोकं सणकलं. लाडके म्हणे. त्याला आता महिना होत आला, तरी माझा राग उतरलेला नाही.

रॉजर माझा शेजारी. जन्माने इंग्रज. तरुणपणी लंडनच्या रंगभूमीवर राजे आणि खुनी रंगवले, मग सिनेमात बटलर, पाद्री, न्यायाधीश. एका नाटकाच्या दौऱ्यावर मेलबर्नला आला तो इथलाच झाला. म्हातारपणी कामं आटली. “सिनेमात मी आता फक्त मरतो,” म्हणायचा, “तेही सुरुवातीची नावं संपायच्या आत.”

मंडळाच्या नाटकात साताऱ्यात कायमचा राहिलेला एक इंग्रज डॉक्टर होता. मीच रॉजरला विचारलं. शेवटचा अख्खा प्रवेश त्याचा आणि सगळा मराठीत. काय मेहनत घेतली माणसाने! संध्याकाळी माझ्याकडे येऊन ‘ळ’ घोटत बसायचा, मी पोळ्या लाटता लाटता चुका काढायचे. त्याच्याबरोबर तो प्रवेश मलाही पाठ झाला. “एकच चांगला रोल उरलाय माझ्यात, मेधा,” एकदा म्हणाला. “तो हा.”

प्रयोग रविवारी दुपारी, शाळेचा हॉल सहापर्यंतच मिळालेला. आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार. स्पॉन्सर, स्पॉन्सरची बायको, माजी अध्यक्ष, त्यांच्याही आधीचे… प्रत्येकाला शाल, नारळ आणि माइक. आपल्या माणसाच्या हातात माइक गेला की तो परत येतो थोडाच? नाटक उशिराच सुरू झालं. शेवटच्या प्रवेशाआधी अध्यक्ष विंगेत आले. “इथेच पडदा पाडू. गोष्ट कळलीये लोकांना.” मी भांडले. तर म्हणाले, “अगं, प्रोफेशनल माणूस आहे तो, समजून घेईल.”

रॉजर मेकअप करून, डॉक्टरचा कोट चढवून तयार होता. त्याला सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. “नो वरीज,” म्हणाला आणि कोटाची बटणं काढायला लागला. एक बटण काही निघेना. अध्यक्ष तोवर फोटोला गेले होते.

त्यानंतर तो कुठल्याच स्टेजवर चढला नाही. श्रद्धांजली सभेत मात्र हीच मंडळी त्याच्यावर तासभर बोलली. मला म्हणाले, दोन शब्द बोल. मी उठून सरळ घरी आले.

मागच्या आठवड्यात त्याची मुलगी लंडनहून घर आवरायला आली. मी मदतीला गेले. चहा पिताना तिने विचारलं, “डॅड फोनवर सांगत होते, त्यांच्या शेवटच्या सीनला सगळा हॉल उठून उभा राहिला. खरंच?”

मला खरंही बोलवेना, खोटंही. “तो सीन म्हणून दाखवू?” एवढंच म्हणाले.

कप खाली ठेवला आणि त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून अख्खा प्रवेश म्हटला. तिला एक अक्षर कळत नव्हतं, तरी शेवटपर्यंत ती जागची हलली नाही. एवढंच हवं होतं हो त्याला.