मेघनाच्या नावाची नक्कल

कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या मेघनाला प्रोग्रॅमिंगमधले पॉइंटर पहिल्याच दिवशी कळले, हे आठवलं की अजून माझ्या पोटात दुखतं. आज मी प्रोग्रॅममध्ये तिच्या नावाची नक्कल केली आणि नकलेतलं पहिलं अक्षर मुद्दाम पुसलं. स्क्रीनवर मूळ नावातलंही अक्षर गेलं!

"अगं, नक्कल झालीच नाही," मेघना हसून म्हणाली. "पॉइंटरमध्ये तू नुसता मेमरीतल्या त्या नावाच्या जागेचा पत्ता उतरवून घेतलास. नाव एकाच जागी आहे."

इतकं सोपं करून सांगते, तेही सहन होत नाही. महिनाभर मी तिची वही, तिचे मार्क, तिची कीबोर्डवर पळणारी बोटंच बघतेय. माझ्याही डोक्यात नुसता तिचाच पत्ता. नाहीतर त्या प्रोग्रॅमला कुठलंही नाव चाललं असतं. मला माझं सुचलंच नाही.