बेटावरचं बिऱ्हाड

नागपुरात असताना आम्ही बेटावर राहायचो, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. तळ्याच्या मधोमध एक बगीचा होता, बाबा तिथले माळी, आणि बगीच्याच्या कोपऱ्यात एक खोली अन् पडवी एवढं आमचं बिऱ्हाड. काठावरून डोंग्यात बसून यायचं, झोपाळ्यावर झुलायचं, फुटाणे खायचे आणि परत जायचं, एवढ्यासाठी रविवारी अख्खं शहर लोटायचं. कोणाच्या बगलेत ट्रान्झिस्टर, कोणाच्या कडेवर लेकरू. गांधीबागेतल्या कापडबाजारात लग्नाचा बस्ता बांधून झाला की खेड्यावरची मंडळी गठुड्यांसकट इकडेच वळायची.

आमचं घरही बगीच्यातच मोडतं, असा या सगळ्यांचा पक्का समज. आई पडवीत भाकरी थापत असली की चार बाया भोवती उभ्या. "पाय वं, इथं चूल बी हाये!" कोणी आमच्या बाजेवर लेकरू झोपवून खुशाल फेरी मारायला जायचं. एकीनं वाळत घातलेल्या कुरडयांचा भाव विचारला. विकायच्या नाहीत म्हटल्यावर एक तोंडात टाकली आणि मीठ कमी असल्याचं सांगून गेली. आई आठवडाभर धुसफुसत होती. पुढच्या वर्षी मीठ मात्र तिनं वाढवलं.

मला या सगळ्याची मजा वाटायची. ताईला नाही. ती मोठी होती, लग्नाची होती, आणि केस विंचरायला बसली तरी कोणीतरी टक लावून असायचंच. तिनं तक्रार केली की बाबा म्हणायचे, "लोकं पाहालेच येतात वं. आपण काहून चिडाचं?" दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना रामराम करणारा माणूस तो. मला त्यांचा तेव्हा रागच यायचा.

त्यात ताईचं लग्न जुळत नव्हतं. पाण्यातल्या घरची सोयरीक कोणाला हवी? वरात काय डोंग्यातून आणायची? अशी दोन स्थळं तिला न पाहताच परतली होती. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणून मुलाचा फोटो पाठवून उमरेडकडचे पाहुणे एका रविवारी यायला तयार झाले, तेव्हा आईनं सकाळपासून पुरण शिजत घातलं आणि बाबांनी ठेवणीतलं धोतर काढलं.

पाहुणे सांगितल्या वेळेच्या बरेच आधी आले. बाबा पलीकडच्या वाफ्यात त्यांच्यासाठीच फुलं तोडत होते. घ्यायला कोणी नाही म्हटल्यावर मंडळी गर्दीत मिसळली आणि गर्दी करते तेच करू लागली. मुलाचे मामा आमच्या घराला वळसा घालून खिडकीशी आले, पडदा वर केला आणि आत डोकावले.

आत ताई लुगडं नेसत होती. मी खाली बसून तिच्या निऱ्या धरल्या होत्या. डोकावणाऱ्यांसाठी ती खिडकीखाली पाण्याचा तांब्या ठेवायचीच. तिनं एका हातानं पदर सावरला, दुसऱ्या हातानं तांब्या उचलला आणि मामांच्या तोंडावर उपडा केला.

"अरे, आमी पोरगी पाहाले आलो!" बाहेर एकच ओरडा झाला.

बाबा फुलं घेऊन धावत आले. त्यांनी हात जोडले, उतरायच्या पायऱ्यांपर्यंत विनवत मागे गेले. मंडळी आली त्याच डोंग्यात चढली. रविवारच्या गर्दीला फुकटात तमाशा मिळाला.

आई डोळ्याला पदर लावून आत आली. "कोन हाये ते पाहाचं तरी होतं!"

"पाह्यलं होतं," ताई म्हणाली. "मांगं फोटोतला नवरदेव उभा होता. समजलं होतं मले."

"मंग काहून टाकलं पानी?"

"मी नेसून राह्यली होती, आई. पोरगी पाहाले आले म्हणून काय पडदा उचलाचा?"

बाबा दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता ते हात उगारणार, या भीतीनं मी ताईच्या लुगड्याला घट्ट धरलं. स्थळ गेलं होतं, आणि चौथं कुठून आणायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ओंजळीतली फुलं त्यांनी कोनाड्यात ठेवली.

"तांब्या भरेल होता काय?"

"अर्धा होता," ताई खाली मान घालून म्हणाली.

"पुरा भरून ठेवत जाय," बाबा म्हणाले.